घरी भरलेली काडतुसं

होल्यांची पिसं उपटून उपटून इस्मत परकारच्या बोटांना असा वास बसला होता की भाताचा घास तोंडाशी नेला की परत ताटात ठेवावा लागायचा. ओलं पीस, रक्त, आणि त्यावर बंदुकीच्या दारूचा जळका वास. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं, चुलीतली राख लावून झाली. वास जाईना. शेवटी तो चमच्याने जेवायला लागला. कोकणातला माणूस, साठीला आलेला, जन्मभर हाताने जेवलेला, आणि आता भात-माशाचं कालवण चमच्याने खात होता.

दौलतने ते पाहिलं आणि हसला. "काय इस्मतभाई, साहेब झालात?"

"हात सडलेत माझे," इस्मत म्हणाला.

दौलत श्रीवर्धनकडचा. सौदीत कतीफच्या मासळीबाजारातून खोबर शहरातल्या हॉटेलांना मासे पोचवणारी गाडी चालवायचा. जाता-येता तो या खजुराच्या बागेत थांबायचा, इस्मतला एखादा शेरी मासा नाहीतर मूठभर कोळंबी द्यायचा, बदल्यात चहा प्यायचा. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तो इस्मतला गाडीत घालून खोबरच्या कबरस्तानात न्यायचा. तिथे इस्मतची बायको होती, शरफुन्निसा.

ती इकडे मरायला आली नव्हती. भेटीला आली होती. इस्मतचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथे कामाला होता तो मालक, अबू फैसल. खोबरला त्याचं पंप आणि पाइपांचं दुकान. त्याच दुकानात आणि या बागेत इस्मतने वीस वर्षं पंप दुरुस्त केले होते. अबू फैसलने ओळख लावून तिच्यासाठी भेटीचा व्हिसा मिळवून दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा नवराबायको सलग इतके दिवस एका खोलीत राहिले. एका सकाळी ती तांदळाची भाकरी थापत होती, थापता थापता बाजूला कलली आणि पडली. इस्पितळात नेईपर्यंत डोळे मिटलेले होते, ते उघडलेच नाहीत. तिला खोबरलाच दफन केलं. इथल्या कबरींवर नाव नसतं. मातीचा उंचवटा आणि उशाला एक दगड, बस. कोण कुठे आहे ते लक्षात ठेवणारा असेल तोवरच कळतं.

मुलगा शारीक पनवेलहून फोन करायचा. "अब्बा, आता या ना परत. कशाला राहताय?" इस्मत म्हणायचा, बघू, नंतर. मुलाला काय सांगणार? आपण इथून गेलो की तुझ्या आईला ओळखणारं इथे कुणी उरणार नाही, एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं. पैसा आता नको होता. त्याला फक्त इकामा हवा होता, म्हणजे इथे राहण्याचा परवाना.

आणि नेमका तोच मिळेना. ही दोन हजार बाराच्या सालातली गोष्ट. निताकत नावाची सरकारी योजना सुरू झाली होती. ज्या दुकानात सौदी माणसं कमी त्याला सरकार पिवळ्या रंगात घाली, आणि पिवळ्यातल्या जुन्या परदेशी नोकरांचा इकामा पुढे वाढत नसे. अबू फैसलचं दुकान पिवळ्यात गेलं. हिरव्यात यायचं तर सौदी नोकर हवेत. मग अबू फैसलने आपल्या पुतण्याचं नाव पगारपत्रकावर घातलं. राकान त्याचं नाव. हुद्दा मुशरिफ, म्हणजे देखरेख करणारा. दुकानात तो एकदाही आला नाही. देखरेखीसाठी त्याने बाग निवडली, कारण बागेत पाणी होतं, आणि पाण्यावर पाखरं उतरायची.

अबू फैसल इस्मतला बाजूला घेऊन म्हणाला होता, "राकान राहिला तर दुकान हिरवं होईल. दुकान हिरवं झालं तर तुझा इकामा होईल. त्याला सांभाळून घे."

म्हणून इस्मत सांभाळून घेत होता.

राकान सत्तावीस-अठ्ठावीसचा. गोरापान, अंगाने भरलेला, अत्तराचा घमघमाट. त्याच्याकडे एक काळी बंदूक होती. इस्मतने तशी बंदूक आधी कधी जवळून पाहिली नव्हती. चाप ओढला की बार उडायचा, त्याच धक्क्याने रिकामं काडतूस उडून बाहेर पडायचं आणि खालून दुसरं आपोआप वर येऊन बसायचं. माणसाने फक्त बोट हलवत राहायचं. थंडी सुरू होताना उत्तरेकडून थव्याने पाखरं यायची, दमलेली, तहानलेली. ती पाटाच्या पाण्यावर उतरली की राकान आणि त्याचे दोस्त बोट हलवत राहायचे. पाखरू उडायला तरी हवं ना, इस्मतला वाटायचं. बसल्या पाखरावर कसली शिकार!

मग हाक यायची, "या हिंदी!" म्हणजे, ए हिंदुस्तानी! इस्मतने टोपली घेऊन जायचं. होले, लावे, साळुंक्या, वेडे राघू, जे पडलं असेल ते गोळा करायचं. अर्धमेल्यांच्या गळ्यावर सुरी फिरवायची. त्यातली चार-सहा ते निखाऱ्यावर भाजून खायचे, तीही अर्धीमुर्धी. उरलेली टोपलीत पडून फुगायची. दुसऱ्या दिवशी त्यांवर माश्यांचा असा काळा थर बसायचा की टोपली हलवली की तो थर उठायचा आणि परत बसायचा. इस्मत तोंडाला फडका बांधून बागेच्या टोकाला खड्डा करायचा आणि पुरायचा.

विकतची काडतुसं दोन दिवसांत संपायची. तेव्हा राकानने परदेशातून एक यंत्र आणवलं. लाल रंगाचं, एका बाजूला दांडा. रिकामं काडतूस त्यात ठेवायचं, दांडा ओढला की बुडाची ठिणगी पाडणारी जुनी टोपी निघते, नवी बसते, दारू पडते, चकती बसते, छर्रे पडतात, तोंड मिटतं. पंपाच्या खोलीतल्या टेबलावर राकानने ते बसवलं आणि फोनवर बघत बघत चालवू लागला. दारू सांडली, छर्रे जमिनीवर गडगडले.

इस्मत दारात उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे काम आमच्याकडे घरी बायका करतात."

"बायका?" राकानने मान वर केली. "काडतूस भरतात?"

आणि इस्मत बोलत सुटला. ती गेल्यापासून तो तिच्याविषयी कुणाजवळ इतकं बोलला नव्हता. तिचा बाप सिराजुद्दीन मुकादम, त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक. रानडुकरं नाचणीत शिरायची, वानरं नारळ फोडायची. विकतचं काडतूस महाग, म्हणून म्हातारा तेच तेच कवच पुन्हा भरायचा. शरफू लहान असल्यापासून त्याच्या शेजारी बसून चकत्या कापायची. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सगळ्यात चांगला, कडक आणि सरळ. वरून मेणबत्तीचं मेण ओतून तोंड बंद. पुढे लग्न झाल्यावरही म्हातारा काडतुसं तिच्याकडे पाठवायचा, कारण तिच्या हाताला सवय होती. इस्मत तिच्यासमोर बसून कवचं पुसून द्यायचा. असं सगळं त्याने मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

राकानने ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "छान. बस इथे. भर."

इस्मतने भरली. हात आपोआप जुन्या सवयीला गेले. दारू कमी, अगदी हात राखून. म्हाताऱ्याचं काडतूस असंच असायचं. डुक्कर पन्नास पावलांवर थोडंच मारायचं होतं, शेताच्या बांधावर आलेलं असायचं. वानराला तर नुसता आवाज पुरे. आणि दारू वाचली तर तेवढंच आणखी एक काडतूस.

ती काडतुसं त्या काळ्या बंदुकीत चालली नाहीत. बार उडाला, पण धक्का पुरेना, आणि रिकामं कवच अर्धं बाहेर, अर्धं आत अडकून बसलं. राकानने ते बोटाने ओढून काढलं. दुसरंही तसंच. तिसरंही.

त्याचा एक दोस्त होता मिशाल, उंच, चष्मा लावणारा. तो म्हणाला, "याचं काडतूस याच्यासारखंच. बाहेर जा म्हटलं तरी दारात अडून बसतं!"

सगळे हसले. सरकार परदेशी लोकांना बाहेर काढत होतं तेव्हाची ती थट्टा. इस्मतही थोडा हसला. नोकराला हसावं लागतं. पण आतून त्याला वाटलं, बोललो कशाला आपण? तिचं काही यांच्या तोंडी द्यायचंच नव्हतं.

त्यानंतर यंत्राच्या मापाने भरायची असं ठरलं. इस्मत सकाळी पंप बघायचा आणि दुपारी काडतुसं भरायचा. ती चालायची. पण त्याच्या एकट्याच्या भरण्याने त्यांचं भागेना. मग संध्याकाळी ती पोरं स्वतःच यंत्राभोवती बसायची. एकजण दांडा ओढतोय, दुसरा फोनवर बोलतोय, तिसरा चहा ओततोय, मधेच कुणी दांड्यावरून उठून जातोय, दुसरा बसतोय. दारूची नळी रिकामी झाली तरी कुणाचं लक्ष नाही. भरलेलं सगळं एकाच खोक्यात.

एकदा न राहवून इस्मत म्हणाला, "बोलत बोलत भरू नका. हे काम गप्प बसून करायचं असतं."

राकान हसत म्हणाला, "तुझी बायको भरायची तेव्हा गप्प बसायची का? मग तर आणखी एक बायको हिंदहून मागवायला हवी, आमच्याकडची एक मिनिट गप्प बसत नाही."

पोरं मांड्यांवर थापा मारून हसली. इस्मत बाहेर आला. पाटाजवळ बसला आणि त्याला खरोखरच ओकारी झाली.

दौलतला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही पण ना इस्मतभाई. भाबीची गोष्ट काय मासा आहे, कुणालाही काढून दाखवायला?"

"चुकलं माझं."

"सोडा मग. इकामा झाला की बोला. तोवर कानात बोळे घाला."

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी राकानने हुदहुद मारला. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला तो पक्षी पाटाच्या काठाने चोच खुपसत किडे शोधत होता. सुलेमान पैगंबरांचा निरोप्या तो. त्याला मारू नये हे इस्मतला लहानपणी मदरशात शिकवलं होतं, आणि यांना शिकवलं नसेल असं कसं म्हणायचं? इस्मत टोपली घेऊन गेला तर तो धुळीत पडलेला, तुरा एकदा उघडत होता, एकदा मिटत होता.

"हा हुदहुद आहे," इस्मत म्हणाला. "याला मारत नाहीत."

"मला काय ठाऊक? लांबून सगळे सारखेच दिसतात," राकान म्हणाला. "टाक टोपलीत."

त्याने टोपलीत टाकला नाही. बाजूला नेऊन वेगळा पुरला. माती लोटताना त्याला पुरायच्या कामाचाच वीट आला. या वर्षात किती पुरलं आपण, आणि कुणाकुणाला!

त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ते घडलं. दौलत दुपारी इस्मतला कबरस्तानातून परत सोडून गेला होता. राकान, मिशाल आणि आणखी दोघे पाटाच्या या बाजूला सतरंजी टाकून बसले होते. खजुराच्या झावळ्यांवर होल्यांचा थवा उतरला. राकान उभा राहिला. आदल्या संध्याकाळी पोरांनी भरलेल्या खोक्यातली काडतुसं त्याने बंदुकीत घातलेली होती. एक बार उडाला, दुसरा उडाला, होले पडले.

तिसरा बार झाला नाही. नुसता फस्स असा आवाज आला, ओल्या फटाक्यासारखा.

इस्मत टोपली घेऊन पाच-सात हातांवर उभा होता. तो आवाज त्याला माहीत होता. सासऱ्याच्या अंगणात असा आवाज आला की म्हातारा जागच्या जागी थांबायचा, बंदूक मोडून, म्हणजे मधल्या बिजागरीवर वाकवून, काडतूस काढायचा आणि नळी आभाळाकडे धरून आरपार उजेड दिसतो का ते बघायचा. दारूच पडलेली नसली की टोपीच्या जोराने चकती नि छर्रे नळीत थोडेसे सरकतात आणि तिथेच अडकतात. पण एकनळी बंदूक दर बाराला मोडावीच लागते, बघणं आपोआप होतं. या बंदुकीत बघायला जागाच नव्हती. राकानने बंदुकीच्या बाजूचा खटका हाताने मागे ओढला, रिकामं कवच काढून टाकलं, खालचं काडतूस वर आलं, आणि त्याने बंदूक पुन्हा खांद्याला लावली. पुढे नळी बंद. मागे भरलेलं काडतूस. नळी फाटली असती, आणि राकानचा डावा हात बरोबर तिच्याखाली होता, गाल मागे दस्त्याला टेकलेला होता.

इस्मतने हे सगळं पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, फाटू दे.

किती वेळ आलं? पापणी लवायला लागतो तेवढाच. त्यात तो हसरा चेहरा आला, तुरा उघडणारा हुदहुद आला, शरफूचं नाव घेऊन हसणारी तोंडं आली. मग तो ओरडला, "वग्गफ! थांब!" राकानने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इस्मतने टोपली फेकली, धावत जाऊन दोन्ही हातांनी नळी पकडली आणि वर ढकलली.

राकानने कोपराने त्याच्या छातीत असा धक्का दिला की इस्मत पाठीवर पाटात पडला. अंगातला सदरा चिखलाने भरला.

"वेडा झालास? माझ्या बंदुकीला हात लावतोस?"

दोस्त हसत होते. इस्मत पाण्यात बसूनच म्हणाला, "नळी बंद आहे. आत बघ. अल्लाची शपथ, आत बघ."

मिशाल हसत नव्हता. त्याने राकानच्या हातून बंदूक घेतली, काडतुसं काढून टाकली, खटका मागे धरून मागच्या बाजूने नळीत बघितलं. मग झावळीचं लांब दांडकं सोलून नळीत घातलं. ते अर्ध्यात अडलं. जोर लावल्यावर आतून एक प्लास्टिकची चकती पडली आणि तिच्यामागून छर्रे सळसळत वाळूवर सांडले.

राकानने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, उलटा केला, सुलटा केला. मग तो पाटात उतरला, चिखलात, आणि इस्मतला उठवून त्याने मिठी मारली. त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. इकडे वडीलधाऱ्यांना मान देतात तसं. अत्तराचा वास इस्मतच्या नाकातोंडात गेला.

"या अम्म," राकान म्हणाला. आजवर "या हिंदी" होतं, आता एकदम काका झालं. "तू माझा जीव वाचवलास. माग, काय हवं ते माग."

इस्मत ओला सदरा पिळत राहिला. छाती दुखत होती.

"मला ठाऊक आहे याला काय हवंय," राकान दोस्तांना म्हणाला. "याला इकामा हवाय. मी आजच चुलत्याला सांगतो. दोन वर्षं. याला कुणी हात लावायचा नाही." त्याने तिथेच फोन लावला, मोठ्याने बोलला, हसला, पुन्हा इस्मतच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं! आणि ऐका सगळे. आजपासून यंत्राला कुणी हात लावायचा नाही. काडतुसं फक्त हाच भरणार. तुझीही, तुझीही. होफूफचा माझा भाऊ विचारत होता, त्याचीही. पंपाचं काम दुसऱ्याला देऊ. याच्या हाताला बरकत आहे. याची बायकोसुद्धा भरायची!"

आणि मग तो वळला आणि उरलेल्या थव्याकडे बघून म्हणाला, "मिशाल, तुझ्या गाडीत विकतची आहेत ना? आण."

इस्मत आपल्या खोलीत गेला. सदरा काढला. बाहेर पुन्हा बार सुरू झाले होते. पाटातला चिखल अंगावर वाळत होता, पण त्याला त्याची घाण वाटत नव्हती. घाण वाटत होती ती कपाळाची, जिथे त्या माणसाचे ओठ लागले होते. आणि त्याहून जास्त स्वतःची. आपण जीव वाचवला म्हणून हे आपल्याला काका म्हणतायत, आणि आपल्या मनात आधी काय आलं ते आपल्याला ठाऊक आहे. साठ वर्षांत कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. वर्षभर या वासात राहिलो, आणि आता माणसाचा चेहरा फुटावा असं वाटायला लागलं. अजून दोन वर्षं राहिलो तर पुढच्या वेळी ओरडू की नाही कोण सांगेल?

शनिवारी सकाळी अबू फैसल स्वतः आला. पांढरी दाढी, हातात तसबीहची माळ. खोलीत येऊन खाटेवर बसला, इस्मतने चहा दिला.

"राकानने सांगितलं सगळं," तो म्हणाला. "अल्ला तुझं भलं करो. माझ्या भावाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुकान आता हिरव्यात आलंय. तुझे कागद या आठवड्यात होतील."

"शेख, मला खुरूज निहाई द्या," इस्मत म्हणाला. म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का.

अबू फैसलच्या हातातले मणी थांबले. "काय म्हणालास?"

"मला जायचंय."

"तूच माझ्या दारात येऊन रडला होतास. तुझी बायको इथे आहे म्हणालास. मला पैसे नकोत, पगार नको, फक्त राहू द्या म्हणालास."

"म्हणालो होतो."

"मग? आता मिळतंय तर?"

"हे काम माझ्याने होणार नाही."

"काडतुसांचं? बसून करायचं काम आहे, इस्मत. पंपापेक्षा सोपं." अबू फैसलने आवाज खाली आणला. "हे बघ, मलाही तो पोरगा आवडत नाही. पाखरांचं काय करतो ते मी बघितलंय. पण त्याचं नाव काढलं तर दुकान पुन्हा पिवळं. मी तरी काय करू? मीही सांभाळूनच घेतोय."

म्हातारा खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांत लाजही होती. वीस वर्षांत तो इस्मतला कधी वाईट शब्द बोलला नव्हता. पण त्या क्षणी इस्मतला त्या लाजेचीसुद्धा किळस आली. लाज वाटते आणि चालू राहतं, हेच तर आपणही वर्षभर केलं.

"तुम्ही माझ्याशी चांगले वागलात," इस्मत म्हणाला. "शिक्का मारून द्या, शेख."

अबू फैसल पुन्हा मणी ओढू लागला. चहा तसाच राहिला. उठताना म्हणाला, "तिथे तुझ्या बायकोजवळ कोण जाईल?"

इस्मतने थंड झालेला चहा उचलला.

शिक्का मिळाला. निघायच्या दिवशी दौलत गाडी घेऊन आला. एक बॅग, एक खोकं, बास. राकान बागेत नव्हता. त्याने इस्मतसाठी अत्तराची बाटली ठेवली होती, ती इस्मतने पंपाच्या खोलीत त्या लाल यंत्राशेजारी ठेवून दिली. गाडीत माशांचा वास होता. इस्मतला तो बरा वाटला.

रस्ता समुद्राच्या कडेने निघाला तेव्हा दौलत एकदम फुटला. "वेडे आहात तुम्ही, इस्मतभाई. सांगतो तोंडावर. लोक इकाम्यासाठी पाय धरतायत. तुमच्या हातात आणून ठेवला, आणि तुम्ही लाथ मारली. कशासाठी? चार पाखरांसाठी?"

"पाखरांसाठी नाही."

"मग?"

"दुपारी तिकडे काडतुसं भरायची, आणि शुक्रवारी तेच हात घेऊन तिच्याजवळ बसायचं. मला जमेना."

"भाबी काय हात हुंगून बघणार होती?"

"ती नाही. मीच हुंगतो ना."

दौलतने हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. "आणि आता तिला एकटी टाकून जाताय, ते जमतं?"

इस्मत म्हणाला, "ते पण जमत नाही. पण दोन्हीतलं एकच करता येत होतं."

थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "विमानाला वेळ आहे ना?"

"आहे. खूप आहे."

"मग आधी तिकडे घे. तू नेहमी गाडीत बसून राहतोस. आज आत ये. तुला जागा दाखवून ठेवतो. जमेल तसं जात जा. नाही जमलं तर नको, पण ठाऊक असू दे."

"जाईन. दर शुक्रवारी जाईन, त्याची काळजी नको." दौलतने बाहीने नाक पुसलं. मग जरा वेळाने, आवाज उतरवून म्हणाला, "पण इस्मतभाई, माझ्या कफीलचं पण काही खरं नाही. गाडीवर सौदी ड्रायव्हर ठेवा म्हणून मागे लागलेत. उद्या मलाही जा म्हटलं तर? मग कोण जाईल?"

"मग कुणी नाही," इस्मत म्हणाला.

दौलतने गाडी कबरस्तानाच्या रस्त्याला वळवली.